रेल प्रेशर सेन्सर बदलण्याआधी: कॉमन रेल पिकअपची तपासणी

डिझेलधार

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल देणारी एकच नळी) असलेल्या डिझेल पिकअपला इंधनदाबाचा कोड (स्कॅनरवर दिसणारा दोषाचा नंबर) आला की पहिला हात रेलच्या टोकावरच्या, दाब मोजणाऱ्या सेन्सरला जातो. बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की डी-मॅक्स. सेन्सर बाहेर दिसतो, एका पान्यात निघतो, म्हणून तोच बदलला जातो. आठवड्याने तोच कोड परत येतो आणि मग पंप, मग इंजेक्टर असा खर्च वाढत जातो. हा धागा त्यासाठीच काढतोय. सेन्सर खरंच गेलाय का, हे त्याला हात न लावता कसं ठरवायचं ते इथे एकत्र करू.

सुरुवात कोडपासून. पी००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी, पी००८८ म्हणजे दाब जास्त. हे कोड येतात तेव्हा बहुतेक वेळा सेन्सर आपलं काम चोख करत असतो. दाब खरंच कमी आहे आणि तो तसं सांगतोय. तिथे सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

पी०१९० ते पी०१९४ हे कोड सेन्सरच्या सर्किटचे. ०१९२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार खाली, ०१९३ म्हणजे फार वर, ०१९४ म्हणजे मधूनच तुटतोय. ०१९१ सगळ्यात फसवा. सिग्नल मर्यादेत आहे, पण ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) तो पटत नाही. सोबत पी०६४१, ०६४२, ०६४३ किंवा पी०६५१ ते ०६५३ यांपैकी काही असेल तर आधी तिकडे बघा. ते ५ व्होल्टच्या रेफरन्स पुरवठ्याचे (ईसीयू सेन्सरांना देतो त्या विजेचे) कोड आहेत आणि तो पुरवठा एकट्या या सेन्सरचा नसतो.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे) लिहून घ्या: आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान, हवा असलेला दाब, मिळालेला दाब. पुसला की हा पुरावा गेला.

नवशिका_चालक

सेन्सर आतून नेमकं काय करतो ते आधी सांगाल का? मीटर कुठे लावायचं हे त्याशिवाय डोक्यात बसत नाही.

वायरिंगवाली

आत स्टीलचा पातळ पडदा असतो. रेलमधलं डिझेल त्याला ढकलतं, पडदा किंचित वाकतो आणि त्यावर बसवलेल्या ब्रिजचा रोध बदलतो. तो बदल फार बारीक असतो, म्हणून सेन्सरच्या डोक्यातच त्याला मोठं करणारी चिप असते. बाहेर तीन तारा येतात: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल.

सिग्नलचा हिशेब साधारण असा: दाब शून्य असताना ०.५ व्होल्ट, सेन्सरच्या कमाल दाबाला ४.५ व्होल्ट, मध्ये सरळ रेघ. म्हणजे १८०० बारच्या सेन्सरला ३०० बारवर १.१७ व्होल्ट, १५०० बारच्या सेन्सरला तेवढ्याच दाबावर १.३० आणि २००० वाल्याला १.१० मिळायला हवा. गरम इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना रेलमध्ये २५० ते ३५० बार असतो, त्यामुळे स्लोला सिग्नल १ ते १.४ व्होल्टच्या आसपास दिसतो.

आत चिप आहे म्हणूनच सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजू नका. आकडा येईल, पण त्याचा अर्थ काही लागणार नाही. चांगला आणि खराब सेन्सर ओहमवर वेगळा काढता येत नाही.

डिझेलधार

ताईंनी हिशेब दिलाच आहे, तर पहिली तपासणी सांगतो. हिला एक रुपया लागत नाही आणि हिच्यावरच सगळ्यात जास्त निकाल लागतात.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सेल्फ न मारता फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. रेलमध्ये दाब नाही, तर आकडा शून्याजवळच यायला हवा. १०-२० बार दाखवला तर चालेल. ५०-६० बार दाखवत असेल तर एकतर सेन्सर सरकलाय, नाहीतर अर्थच्या तारेत रोध आहे. त्याच वेळी सेन्सरच्या कपलरच्या (तारांच्या जोडाच्या) मागून पिन घालून सिग्नल मोजा: ०.४६ ते ०.५४ ठीक.

मोबाईलला जोडायचं साधं ओबीडी अडॅप्टर वापरत असाल तर एकक बघून घ्या. बरीच ॲप्स किलोपास्कल दाखवतात: ३०,००० किलोपास्कल म्हणजे ३०० बार. काही पीएसआय दाखवतात: ३०० बार म्हणजे सुमारे ४,३५० पीएसआय.

हे महत्त्वाचं अशासाठी की ईसीयूला रेलमधला दाब दुसऱ्या कुठल्याही वाटेने कळत नाही. सेन्सर सांगेल तेच तो खरं मानतो. शून्यावर ४० बार जास्त दाखवणारा सेन्सर असेल आणि ईसीयूला स्लोला २८० बार हवा असेल, तर स्कॅनरवर ‘हवा २८०, मिळाला २८०’ असं सुरेख जुळलेलं दिसेल. रेलमध्ये मात्र खरा दाब २४० असेल. गाडी उशिरा स्टार्ट होईल, चढावर ओढणार नाही, आणि कोड येणार नाही. उलट, कमी दाखवणारा सेन्सर असेल तर खरा दाब वाढतो आणि इंजिन कडक, ठोकल्यासारखा आवाज करतं. ‘हवा’ आणि ‘मिळाला’ जुळतात एवढ्यावर सेन्सरला पास करू नका.

घाटमाथा

प्रश्न: भाजीपाल्याची गाडी, बीएस४. सपाटीला ठीक. कसारा घाटात भरलेली असताना तिसऱ्या गिअरला जोर दिला की चेक लाईट लागते, ताकद जाते, २००० आरपीएमच्या वर जातच नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा चालते. कोड पी००८७. सेन्सर नवा टाकलाय, फरक शून्य. सकाळी चावी ऑनला ४ बार दाखवते.

डिझेलधार

सेन्सरचा विषय इथेच संपला. शून्याला ४ बार, कोड ०१९१-९३ मधला एकही नाही, आणि त्रास फक्त जास्त डिझेल लागतं तेव्हा. पंपाला मागणीएवढं डिझेल पोहोचत नाही. क्रमाने बघा.

फिल्टर किती किलोमीटर झालाय? खाली ड्रेन कॉक असेल तर काचेच्या बाटलीत अर्धा पेला काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात हे हमखास निघतं. फिल्टर बदलताना जुना उभा चिरून कागद बघा. काळा, चिकट गाळ असेल तर टाकीच साफ करावी लागेल, नाहीतर नवा फिल्टर महिनाभरात तसाच होईल.

त्रास सुरू असतानाच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायचं भोक) बुजलाय. हा दोष फुकटात दुरुस्त होतो आणि लोक पंप उतरवतात, याचं वाईट वाटतं.

मग टाकीतल्या सक्शन पाइपची जाळी.

बेंचवरून

यात एक भर. पंपाला डिझेल कसं येतं हे आधी ओळखा, कारण तपासणी त्यावर बदलते. काही गाड्यांत हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच छोटा गिअर पंप असतो आणि तो टाकीतून डिझेल ओढतो. अशा गाडीत टाकीपासून पंपापर्यंतची लाइन सक्शनमध्ये असते. काही गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो आणि तो ढकलतो. तिथे फिल्टरला काही बारचा दाब मिळतो.

ओढणाऱ्या सिस्टिममध्ये पाइप चिरला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठे ओलं दिसत नाही’ याला अर्थ नाही. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप टाका आणि स्लोला, मग २५०० आरपीएमला बघा. सुरुवातीला चार बुडबुडे येऊन थांबले तर ठीक. सतत बारीक फेस येत राहिला तर हवा धरतेय: फिल्टरची सील, ड्रेन कॉकचा ओ-रिंग, हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप), ढिले क्लिप, टाकीवरचा पाइप. अशी गाडी सकाळी स्टार्टलाही त्रास देते, कारण रात्रीत डिझेल मागे टाकीत उतरलेलं असतं.

दोष टाकीकडे की इंजिनाकडे हे एका फटक्यात कळायला: स्वच्छ १० लिटरचा कॅन घ्या, सक्शनचा पाइप आणि रिटर्नचा पाइप दोन्ही त्यात सोडा, मध्ये नवा फिल्टर ठेवा. कॅन हौद्यात नीट बांधा, इंजिनाजवळ अजिबात ठेवू नका. भरल्या गाडीने तोच चढ चढवा. कोड आला नाही तर दोष टाकी आणि जुन्या फिल्टरच्या मध्ये. आला तर पंप, मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा) किंवा इंजेक्टरचं बॅक लीक (इंजेक्टरमधून रिटर्नला गळणारं डिझेल).

पाना१७

जुन्या गाड्यांना आपण नोजलचा नट ढिला करून कुठलं सिलिंडर मिसिंग मारतं ते बघायचो. इथेही चालू इंजिनला एकेक पाइप ढिला केला तर पटकन कळेल ना?

बेंचवरून

काका, हे अजिबात करू नका. जुन्या इनलाइन पंपात दाब क्षणभर यायचा आणि पाइपात डिझेल थोडं असायचं. कॉमन रेलमध्ये स्लोलाही ३०० बार कायम भरलेला असतो. नट ढिला केला की केसाएवढी धार निघते आणि ती कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट किंवा हात जायची वेळ येते. असं झालंच तर पट्टी बांधून घरी जायचं नाही, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलात जायचं आणि ‘दाबाखाली डिझेल शिरलंय’ हे शब्द स्पष्ट सांगायचे.

लीक शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. पाइप किंवा सेन्सर उघडण्याआधी इंजिन बंद करा, स्कॅनरवर दाब शून्य झालेला बघा, आणि तरीही काही मिनिटं थांबा. सेन्सरच खराब असेल तर स्कॅनरच्या शून्यावरही भरवसा नाही, म्हणून थांबायचंच.

कुठलं सिलिंडर हे बघायचं असेल तर स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करता येतो. आणि इंजेक्टरच्या तारांना टेस्ट लॅम्प लावू नका. तिथे उघडण्याच्या क्षणी ६० व्होल्टच्या वर जातं.

पाना१७

पटलं. यापुढे पुठ्ठाच.

नवशिका_चालक

बॅक लीक घरी मोजता येतं का?

बेंचवरून

येतं. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न निपलला सारख्या लांबीचा पारदर्शक पाइप आणि खाली सारखी बाटली. इंजिन गरम असू द्या. स्लोला दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पातळ्या शेजारी शेजारी धरून बघा. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तीन बाटल्यांत २०-२० मिली आणि चौथीत ६० असेल तर चौथा इंजेक्टर दाब खातोय. चारही बाटल्या सारख्याच पण भरपूर भरल्या तर चारही झिजलेत, आणि इथेच माणूस फसतो, कारण तुलना ‘ठीक’ दिसते. मग त्या गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघावी लागते.

गाडी स्टार्टच होत नसेल तर सेल्फवर बघा. स्टार्ट व्हायला रेलमध्ये साधारण १५० ते २०० बार लागतो आणि तो सेल्फ मारल्यावर एक-दोन सेकंदांत यायला हवा. सेल्फवर रिटर्नला जवळपास काहीच येऊ नये. एका बाटलीत धार लागली तर तोच. रेलच्या टोकाला प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की सोडून देणारा) असेल तर त्याचाही रिटर्न सुटा करून बघा. सेल्फवर तिथून डिझेल येत असेल तर तो उघडा राहतोय. आणि सेल्फ मारताना बॅटरी ९.५ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी. इंजिन हळू फिरलं की पंप दाब बनवत नाही.

मावळतीचा_मेकॅनिक

आता माझी केस. कोड पी०१९३, गाडी लिंप मोडमध्ये (ईसीयूने ताकद कमी केलेली), रेल प्रेशर स्कॅनरवर अडकलेलं. कपलर काढून चावी ऑन केली. तीन तारांवर: एक ५.०१, एक ४.९६, एक ०.००. दोन तारांना ५ व्होल्ट कसे? रंगावरून काही कळत नाही, हार्नेस आधी कुणीतरी जोडलेलं आहे.

वायरिंगवाली

दादा, हे बरोबरच आहे. बऱ्याच ईसीयूंमध्ये सिग्नलच्या तारेला आतून रोधकातून ५ व्होल्टला वर ओढलेलं असतं. म्हणून कपलर काढला की सिग्नलवरही जवळपास ५ दिसतो. काही ईसीयूंमध्ये उलट, खाली ओढलेलं असतं. तिथे कपलर काढल्यावर सिग्नल शून्य दिसतो आणि कोड ०१९२ येतो.

दोघांतला रेफरन्स कुठला हे ओळखायला एक १ किलोओहमचा रोधक घ्या. एक टोक अर्थच्या तारेला, दुसरं आळीपाळीने दोन्ही ५ व्होल्टच्या तारांना. रेफरन्स ५ वरच टिकेल, सिग्नलची तार ढासळेल, कारण तिच्यात ताकद नसते. टेस्ट लॅम्प लावू नका, ईसीयूचा पुरवठा जळू शकतो.

आता ईसीयू आणि तारा निर्दोष आहेत का ते बघा. कपलर काढलेला, चावी ऑन, स्कॅनर लावलेला. सिग्नलची तार त्याच रोधकातून अर्थच्या तारेला जोडा आणि जोडलेली असताना व्होल्टेज मोजा. स्कॅनरवरचा दाब खाली आला पाहिजे. व्होल्टेज ०.५ च्या बराच खाली गेला तर कोड ०१९३ जाऊन ०१९२ यायला हवा. तो उलटला म्हणजे सिग्नलची तार आणि ईसीयूची ती वाट ठीक. एवढा खाली जाऊनही उलटला नाही तर दोष तारेत किंवा ईसीयूच्या पिनेत आहे, आणि नवा सेन्सर घालून काही होणार नाही.

याहून पक्कं हवं असेल तर १ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलता येणारा रोधक) वापरा. दोन टोकं ५ व्होल्ट आणि अर्थला, मधला पाय सिग्नलला. तो फिरवत सिग्नलवर १.०, २.०, ३.० व्होल्ट करा आणि प्रत्येक वेळी स्कॅनरवरचे बार लिहून घ्या. १८०० च्या गाडीला २२५, ६७५, ११२५ असे आकडे यायला हवेत. ही चाचणी फक्त चावी ऑनला, इंजिन बंद. खोट्या सिग्नलवर सेल्फ मारायचा नाही, कारण रेलमध्ये खरा दाब किती जाईल हे ईसीयूला कळणारच नाही.

मावळतीचा_मेकॅनिक

केलं. सिग्नल खाली घेतल्यावर ०१९२ आला. पोटेन्शिओमीटर फिरवत नेला तसे स्कॅनरवरचे बार सरळ रेघेत वाढत गेले. कपलर परत लावला की सिग्नल ४.९ आणि ०१९३ परत. म्हणजे सेन्सर गेला?

वायरिंगवाली

जवळजवळ, पण एक जागा राहिली: कपलरच्या आतल्या पिनांची पकड. अर्थची पिन सेन्सरवर नीट बसली नाही तरी सिग्नल ५ कडेच जातो. जाड सुई खुपसून कुणी पिन पसरवलेली असेल तर तारेवर सगळं ठीक मोजतं आणि कपलर लावला की सुटतं. सेन्सरच्याच मापाची सुटी नर पिन मिळाली तर तिन्ही खाचांत एकेक घालून ओढून बघा. एकीत सैल गेली तर ती पिन बदला.

मग कपलर लावून, चावी ऑन ठेवून, मागून मोजा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक सेन्सरच्या अर्थच्या तारेला: ०.०५ व्होल्टच्या आत हवं. आणि ५ व्होल्ट सेन्सरजवळ मोजा, ईसीयूजवळही मोजा. दोन्हीकडे सारखं हवं. ईसीयूजवळ ५.०, सेन्सरजवळ ४.८ असेल तर वाटेत रोध आहे.

हे सगळं पास झालं आणि तरी सिग्नल ४.९, तर सेन्सर बदला, निर्धास्त.

अर्थबद्दल एक कळकळीची विनंती. सेन्सरची अर्थ ईसीयूकडे जाते, बॉडीला नाही. ती तुटली म्हणून जवळच्या बोल्टला तार बांधलेली पुष्कळदा सापडते. सेल्फ आणि अल्टरनेटरच्या करंटमुळे इंजिनाची अर्थ वरखाली होते आणि तेवढाच सिग्नल खोटा होतो. १८०० च्या सेन्सरला ०.१ व्होल्ट म्हणजे ४० बारहून जास्त चूक.

घाटमाथा

वायरिंग नेमकं कुठे बघायचं? पूर्ण हार्नेस उघडणं शक्य नाही.

वायरिंगवाली

हार्नेस जिथे वळतो आणि जिथे क्लिपने धरलाय तिथेच तो घासतो: रेलच्या ब्रॅकेटची कड, इंटेकचा बोल्ट, इंजेक्टरच्या कपलरांमागची पट्टी. इंजिन स्लोला ठेवून हार्नेस वीतवीत अंतराने हलवत जा. दुसऱ्याने स्कॅनरचा ग्राफ बघावा, आकडा नको, कारण एक झटका आकड्यात दिसत नाही. ३०० वरून एकदम शून्य किंवा कमाल झाला तर तार. खरा दाब कधीच असा उभ्या रेघेत पडत नाही.

पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतो आणि बारीक तारा आधी कुरतडतो. प्रेशरने इंजिन धुतल्यानंतर कपलरात पाणी राहतं, मग पिना हिरव्या पडतात. आणि जीपीएस, जादा हॉर्न, एलईडी पट्ट्या यांचे जोड बघा. तारेचं प्लास्टिक सोलून पीळ देऊन टेप लावलेला जोड दिसला की तो आधी सोल्डर करून हीट श्रिंक चढवा.

कोड ०६४२ सोबत असेल तर ५ व्होल्ट कोणीतरी दुसरा सेन्सर खाली ओढतोय. मीटर ५ व्होल्टच्या तारेवर ठेवा आणि त्याच पुरवठ्यावरचे कपलर एकेक काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ परत आले, तो दोषी. कुठले सेन्सर एका पुरवठ्यावर आहेत हे प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं, त्यासाठी वायरिंगचा नकाशा लागतोच.

मावळतीचा_मेकॅनिक

पिना घट्ट, अर्थला ०.०१, रेफरन्स दोन्हीकडे ५.०१. सेन्सर बदलला. कोड गेला, चावी ऑनला ०.५० व्होल्ट आणि शून्य बार. पण आता इंजिन स्लोला आधीपेक्षा कडक वाजतंय. स्कॅनर ‘हवा २८०, मिळाला २८०’ दाखवतो. सिग्नल १.२५ व्होल्ट.

डिझेलधार

गाडी चालवू नका, थांबा. आकड्यांतच उत्तर आहे.

ईसीयू कुठल्या सेन्सरचा हिशेब धरतोय हे काढता येतं: दाखवलेले बार भागिले (व्होल्ट वजा ०.५), गुणिले ४. तुमचं: २८० भागिले ०.७५, गुणिले ४, म्हणजे १४९३. ईसीयू १५०० बारच्या सेन्सरसाठी लिहिलेला आहे. नव्या सेन्सरवरचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून बघा, रेंज बहुतेक १८०० ची असेल. दोघांची चूडी सारखी, कपलर सारखा, शून्याला दोघेही ०.५ देतात, म्हणून शून्याची तपासणी इथे पकडत नाही. पण १८०० चा सेन्सर १.२५ व्होल्ट देतो तेव्हा रेलमध्ये ३३७ बार असतात. ईसीयूने १५०० मागितले की खरे १८०० होतील. पाइप, पंप, इंजेक्टर सगळ्यांवर तो ताण येतो.

उलट चूक झाली, म्हणजे १८०० च्या गाडीत १५०० चा सेन्सर बसला, तर खरा दाब मागणीच्या ८३ टक्केच राहतो. गाडी ओढत नाही, सकाळी उशिरा लागते, आणि लोक इंजेक्टर उतरवतात.

मावळतीचा_मेकॅनिक

नंबर ताडला. शेवटचे तीन आकडे वेगळे आहेत, दुकानदाराने कॅटलॉग बघून १८०० च निघाला असं सांगितलं. परत करतोय. बरोबर नंबरचा बसवताना काय जपू?

बेंचवरून

आधी स्वच्छता. सेन्सरभोवती क्लीनर मारून हवेने उडवा, मगच सैल करा. मातीचा एक कण रेलमध्ये पडला तर इंजेक्टरच्या तोंडाला जातो. सेन्सर काढला की भोक उघडं ठेवू नका, स्वच्छ प्लास्टिकची टोपी लावा. कापसाचं फडकं आत कोंबू नका, त्याचे धागे सुटतात.

सील धातूवर धातू बसून होते. टेफ्लॉन टेप, शेलॅक, सीलंट काहीही लावायचं नाही. टेपचा तुकडा आत गेला तर काम संपलं. नव्या सेन्सरच्या चूडीला कंपनीतून वंगण लावलेलं असेल तर पुसू नका, घट्ट करायचा आकडा त्यावरच ठरलेला असतो. आधी हाताने पूर्ण फिरवा, मग टॉर्क पाना. एम१८ चूडीच्या सेन्सरला साधारण ७० न्यूटन मीटर, एम१२ ला ३५ च्या आसपास, पण तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचा आकडाच अंतिम. अंदाजाने जास्त आवळलं तर पडद्यावर ताण येऊन शून्यच सरकतो, आणि नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून खोटं बोलतो. रेलमधली सीलची जागा टॉर्चने बघा. तिथे ओरखडा असेल तर कितीही आवळा, झिरपणार.

बसवल्यावर चावी ऑनला शून्य बघा, मग हँड प्रायमरने एअर काढा, मग सेल्फ. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको. स्टार्ट झाल्यावर पुठ्ठा धरून सेन्सरभोवती बघा, इंजिन गरम झाल्यावर पुन्हा बघा. काही गाड्यांत स्कॅनरवरून रेल प्रेशरचं लर्निंग रीसेट करावं लागतं. तो पर्याय मेनूत असेल तर करा, नाहीतर ईसीयू जुन्या सेन्सरची दुरुस्ती नव्यावर लावत राहतो.

नवशिका_चालक

सीएनजी पिकअपला हेच सगळं लागू का?

बेंचवरून

नाही. सीएनजीत सिलिंडरकडचा दाब २०० बारपर्यंत आणि रेग्युलेटरनंतर फक्त काही बार, सेन्सरही वेगळे. ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल मोजायची पद्धत पुष्कळशी चालेल, पण गॅसची लाइन घरी उघडायची नाही. त्याचं परवानाधारक केंद्रातच.

घाटमाथा

माझ्या गाडीचं: टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स झालं नाही. फिल्टर बदलला, तळाला पाणी नव्हतं. पारदर्शक पाइपात २५०० ला सतत फेस. हँड प्रायमरच्या आधीच्या पाइपावर क्लिपखाली केसाएवढी चीर होती, तो तुकडा बदलला. आता फेस नाही. भरलेल्या गाडीने घाट चढताना हवा असलेला दाब १३५० आणि मिळालेला १३३० ते १३६५.

डिझेलधार

एवढा फरक ठीक. अजून एक बघा: त्याच चढावर मीटरिंग व्हॉल्व्हची टक्केवारी किंवा करंट लिहून ठेवा. पुढच्या फिल्टर बदलाच्या वेळी तोच चढ, तेवढाच माल, आणि तोच आकडा बघा. दाब जुळत असूनही व्हॉल्व्ह आधीपेक्षा जास्त उघडावा लागत असेल तर पंपाकडे डिझेल कमी पोहोचतंय किंवा पुढे गळतंय. पी००८७ यायच्या खूप आधी हे तिथे दिसतं.

आणि काढलेला जुना सेन्सर चांगला आहे ना? शून्याला ४ बार दाखवणारा नवा आणि जुना दोन्ही असतील तर जुना टोपी लावून डब्यात ठेवा, वर पार्ट नंबर लिहून. पुढच्या वेळी अदलाबदल करून बघायला तो उपयोगी पडेल.